दुसरी सही

डिचोलीच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यवसाय कायदा शिकवतो. पहिलाच धडा कराराचा. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो आहे तसा स्वीकारायचा, दोघेही सज्ञान आणि शुद्धीवर हवेत, मोबदला हवा, संमती मोकळी हवी. मुलं उदाहरणं देतात ती मोबाईलची नाहीतर स्कूटरची. लग्नाचं उदाहरण मी घेत नाही. वास्तविक आमच्या गोव्यात त्याहून सोपं उदाहरण नाही, कारण इथे लग्न हा कायद्याने करारच. दोघांनी रजिस्ट्रारपुढे एकदा सही घालायची, कुणाची हरकत येते का म्हणून काही दिवस थांबायचं आणि मग दुसरी सही. ती पडली की नवरा-बायको. भटजी, अक्षता, हॉल हे नंतर केलंत काय किंवा नाही केलंत काय, सरकारला त्याचं सोयरसुतक नसतं. लोकांना मात्र अजूनही वाटतं की सही म्हणजे नुसते कागद आणि खरं लग्न मांडवातलं.

जिच्याशी माझं लग्न ठरलं होतं, तिलाही तसंच वाटत होतं. ती पेडण्याकडच्या इब्रामपूरची, काजूसुपारीच्या बागायतीतली. मी तेव्हा तिशीचा, नुकताच नोकरीत कायम झालेला आणि स्वतःवर भलताच खूश. हॉल मे महिन्यातला मिळाला होता, म्हणून सह्या आधी उरकून घ्यायच्या असं दोन्ही घरांनी ठरवलं.

दुसऱ्या सहीच्या दिवशी साक्षीदार म्हणून तिचे वडील आले. नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. मला ते 'सर' म्हणत. जावयाला सर! तिने सही केली, मी केली, मग त्यांनी पेन हातात घेतलं आणि एकेक अक्षर लावत बसले. मी कारकुनाला म्हणालो, "यांची सही पुरी होईपर्यंत आम्हाला दोन मुलं होतील."

कारकून हसला. तिचे वडीलही हसले, कारण सर हसत होते. घाईघाईत त्यांचं शेवटचं अक्षर चुकलं. खोडू का, असं त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं. राहू दे, कळतंय, असं मी म्हटलं. ती हसली नव्हती, पण तेव्हा मी तिच्याकडे बघतच नव्हतो.

आठ दिवसांनी ती एकटीच डिचोलीला आली आणि कॉलेजच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी राहिली. म्हणाली, "माका हें लगीन करूंचें ना." कारण विचारलं, तर बापाला हसलात म्हणून. एवढ्यासाठी? होय, एवढ्यासाठीच.

माफी मागायला मला एक मिनिट पुरलं असतं. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. इब्रामपूरच्या मुलीने मला नाही म्हणावं! मी शांतपणे म्हणालो, "लग्न करायचं राहिलंय कुठे? ते झालंय."

तिला अर्थच लागेना. मग वर्गात ढ मुलाला समजावतात तसं मी तिला समजावलं. प्रस्ताव होता, स्वीकार होता. तू सज्ञान होतीस. कुणी जबरदस्ती केली नव्हती, फसवलं नव्हतं. ती म्हणाली, सहीनेच सगळं होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, मी म्हटलं. तिचा चेहरा उतरत गेला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हॉल त्यांनी रद्द केला. सही काही रद्द होत नव्हती.

वर्षभराने तिला हळर्णचं एक स्थळ आलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तो थांबायला तयार होता. आमचं लग्न मोडण्याच्या अर्जावर मी राजीखुशीने सही करायची, एवढीच काय ती अडचण. तिचे वडील माझ्या घरी आले. बाल्कांवात, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओसरीत, बसायला दोन्ही बाजूंना बांधीव कट्टे होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

ते म्हणाले, "चूक माजी, सर. माका सही बेगीन घालूंक येवंक जाय आसली."

चूक त्यांची! आपल्याला सही पटकन घालता यायला हवी होती, असं तो साठीचा माणूस माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून मला सांगत होता. कोर्ट काय ते बघेल, इतकंच बोललो आणि आत गेलो. ते बराच वेळ तिथेच उभे होते, असं शेजारणीने नंतर सांगितलं.

शेवटी तिने एकटीने कोर्टात अर्ज केला. मी तिच्याबद्दल एकही वावगा शब्द बोललो नाही. माझ्या वकिलाने लिहून दिलं की लग्न वैध आहे आणि नवरा बायकोला नांदवायला तयार आहे. किती सज्जन वाटतं ऐकायला! मग कधी माझी परीक्षेची ड्युटी, कधी वकिलाचा ताप, अशा तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला ती इब्रामपूरहून दोन बस बदलून यायची आणि पुढची तारीख घेऊन परत जायची. हळर्णचा तो माणूस तीन वर्षं थांबला, मग त्याने दुसरीकडे लग्न केलं. पुढच्याच तारखेला तिने अर्ज मागे घेतला. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

मलाही दुसरं लग्न करता येत नव्हतं, हे खरं. पण मला लग्न नकोच होतं. मला ती अडकलेली हवी होती.

गेल्या वर्षी डिचोलीच्या बाजारातलं माझ्या वडिलांचं दुकान विकायचं माझ्या भावाने काढलं. गोव्यात नवऱ्याचा हिस्सा बायकोच्या सहीशिवाय विकता येत नाही. हे मी दरवर्षी मुलांना सांगतो, तरी ते माझ्यावर येईल असं कधी मनात आलं नव्हतं. वकिलाने तिला फोन केला. ती नाही म्हणेल, मला पायाशी यायला लावेल, याची मी खात्रीच धरून होतो. मनातून वाटही बघत होतो म्हणा ना.

ती ठरल्या वेळी रजिस्ट्रारच्या कचेरीत आली. पुढचे केस पांढरे झालेले, खांद्याला कापडी पिशवी. तिचे वडील वारले होते, ते मला तिथे कळलं. तिने सगळी पानं वाचली. हे कोण, असं अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, तेव्हा 'घोव' म्हणाली. नवरा. कुणाचा दबाव आहे का, या प्रश्नाला 'ना' म्हणाली आणि सही केली.

भाऊ आत पावत्यांसाठी थांबला. मी तिच्या मागोमाग बाहेर आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझी लाज वाटली आणि ती लगेच कुठेतरी टाकून मोकळं व्हायची घाई झाली. मी म्हणालो, तू सांगशील त्या कागदावर सही करतो, उद्याच्या उद्या. माझं चुकलं.

तिने पुरतं ऐकून घेतलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोसला असता.

"आतां कित्याक? परत कोर्टाच्यो पायऱ्यो चडूंक माका जमूचें ना. तुमी माज्या आदीं गेल्यार माका कळोवंक कोणाक तरी सांगून दवरात. तितलेंच."

मी तिच्या आधी मेलो, तर तिला तेवढं कळावं. बाकी काही नको. पक्षकाराच्या मृत्यूने असा करार संपतो, हे वर्गात मी फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहितो.

मी तिला भावाचा नंबर सांगितला. तिने तो मोबाईलमध्ये घातला आणि बरोबर आहे का म्हणून लावून पाहिला. आत भावाचा फोन वाजला. तो ऐकून तिने मान हलवली आणि समोर आलेल्या पेडण्याच्या बसमध्ये चढली.