विमानाच्या माळावरचं पाणी

माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. भर आषाढ होता. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, मुंबईची बोट केव्हाच बंद झालेली, आणि खाड्यांवर पूल नव्हते. श्रीवर्धनचे डॉक्टर म्हणाले, हिला मुंबईला न्या. कशानं नेणार?

तेव्हापासून बाच्या डोक्यात विमान शिरलं. गावामागं लढाईच्या दिवसांत लष्करानं सपाट केलेला माळ होता. स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी तिथं सार्वजनिक विमानतळाची पाटी लागली, आणि सुधारणेसाठी सरकारी अनुदान मंजूर झालं. धावपट्टी वाढवायची तर माळाखालचं आमचं भाताचं खाचर जात होतं. बानं सगळ्यांआधी अंगठा दिला.

"आता खायाचं काय?" आईनं विचारलं.

"आपली पोर गेली तशी दुसऱ्या कुनाची जायाची न्हाय," बा म्हणाला. आई त्याच्याशी बोलेनाशी झाली.

आम्ही दोघं बाप-लेक तिथंच मजुरीला लागलो. डोक्यावरून मुरुमाच्या पाट्या वाहून आम्हीच आमचं खाचर बुजवलं. ओव्हरसियर घाटावरचा, मनानं चांगला होता. माळावर साचणारं पावसाचं पाणी काढायला गटार हवं, हे तो वर कळवून दमला होता. पण अनुदानाच्या त्या हप्त्यात मंजुरी होती ती कुंपणाला आणि पाहुण्यांच्या खोलीला. मार्च संपेपर्यंत खर्च झाला नाही तर पैसा परत जाणार. म्हणून घाईघाईनं कुंपण झालं, खोली झाली.

"गटार पुढच्या हप्त्यात, बाबा," तो म्हणाला. त्याची बदली झाली.

हिवाळ्यात एकदा लहानसं विमान उतरलं. सारा गाव कुंपणाला चिकटून उभा होता. आतून उतरलेल्या साहेबांनी खोलीत चहा घेतला आणि ते गेले. पुढं कळलं, इथं विमानं येत नाहीत म्हणून पुढचा हप्ता मिळणार नाही. आणि गटार नाही म्हणून विमानं येत नव्हती.

मग एका श्रावणात आईला ताप भरला. तिची शुद्ध हरपू लागली तसा बा श्रीवर्धनला धावला, मुंबईला विमानासाठी तार केली. उत्तर आलं, पावसाळ्यात विमानतळ बंद असतो.

तो घरी आलाच नाही. मी शोधायला गेले तर धावपट्टीवर गुडघाभर पाण्यात उभा राहून फावड्यानं चर खणत होता. खणलेलं लगेच भरून येत होतं.

"बा, घरी चल. आई कशी तरी करतेय."

"एवढं पानी निघालं की येतील ते. तू जा."

"कुणी येणार न्हाय, बा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, फावडं मात्र थांबवलं नाही. मी हाताला धरून ओढत त्याला आणलं. आईनं डोळे उघडले नाहीत. उजाडायच्या आत ती गेली.

पुढं त्या विमानतळाचं नाव सरकारी यादीतून गेलं. बानं खाचर परत मागितलं, तर जागा विमानतळासाठीच राखलेली आहे असं सांगण्यात आलं. परत मिळालं असतं तरी त्या मुरुमात भात उगवला नसता. म्हातारपणी तो दिवेआगरला दुसऱ्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जाऊ लागला. मी लग्न होऊन मुंबईला आले होते. एकदा त्याला भेटायला वाडीत गेले तेव्हा म्हटलं, "माझ्याकडं येऊन राहा."

"तिकडं येऊन काय करू?" तो म्हणाला, आणि सोलत राहिला.