झोपेच्या डॉक्टरांची संध्याकाळची सही

आमचे डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ, पण कोल्हारात त्यांना सगळे ‘झोपेचे डॉक्टर’ म्हणायचे. डोक्याच्या डॉक्टरकडे चाललोय असं चारचौघांत कोण सांगणार? ‘झोप लागत न्हाई’ म्हटलं की अब्रू शाबूत. पंधरा वर्षं तिथे नंबर लावायचं काम मी केलं, म्हणून हक्कानं सांगते.

ऐकत बसणं हा त्यांचा आजारच होता. पेरूवाली भाव सांगायची आणि हे विचारायचे, “तुम्ही झोपता ना नीट?” झालं! बाई ढसाढसा रडायची, आणि पेरू विकत बसायची मी.

अशा माणसाला मेडिकल कौन्सिलचा नियम आडवा आला. नोंदणी टिकवायची तर डॉक्टरांनीही शिकत राहायचं, परिषदांना बसून पॉइंट मिळवायचे. सकाळी सही, संध्याकाळी सही, तरच पॉइंट. यांच्या सकाळच्या सह्या ढीगभर, संध्याकाळची मात्र एखादीच. मुदत संपत आली तेव्हा दोन पॉइंट कमी पडत होते. ते मिळाले नाहीत तर दवाखान्याला कुलूप.

नगरच्या शेवटच्या परिषदेला मीच त्यांना एसटीनं घेऊन गेले. दारात बजावलं, “सही केल्याशिवाय बाहेर यायचं नाही.”

“व्हय, मालनबाई,” म्हणाले गुणी बाळासारखे. व्याख्यानाचा विषय होता, पेशंटचं ऐकावं कसं.

मी दारातून हलले नाही. पाच वाजता सगळे बाहेर आले, आमचे सोडून! महाराज मागच्या दारानं निसटून वॉचमनशेजारी पायरीवर बसलेले. वॉचमन डोळे पुसत होता. सह्यांचं रजिस्टर केव्हाच बंद झालं होतं.

माझं डोकंच फिरलं. “अहो, आत ऐकण्यावरच बोलत होते ना!”

“अर्धं ऐकलं की. मग पाणी प्यायला आलो, तर हा म्हणाला झोप लागत नाही.”

मी कोल्हारपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मुदत संपली. पुन्हा अर्ज करता आला असता, पण पंचाहत्तरीचे डॉक्टर म्हणाले, “आता पुरे,” आणि पुण्याला मुलीकडे गेले. कुलूप मी लावलं.

महिन्याभरानं मी बंद दवाखान्याकडे चक्कर मारायला गेले, तर तो वॉचमन पत्ता विचारत दारात आला. “ताई, साहेबांना सांगा. त्या दिशी मी जीव द्यायचं ठरवलं हुतं. आता त्यांनी सांगितलेल्या दवाखान्यात औषध चालू हाय, झोप लागती.”

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. आणि मालनबाई, तुम्ही झोपता ना नीट?”

झालं! कुलपाला धरून मी ढसाढसा रडले.