इंजिनबाची चोरी

ती फिर्याद मला आजही शब्दन् शब्द आठवते, कारण ती लिहून घेताना माझ्या ठाणे अंमलदाराला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं होतं.

सोलापूरच्या दक्षिणेला एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. मंद्रूपच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एक म्हातारा धनगर शेतकरी आला, मागे वस्तीवरची निम्मी माणसं. सगळे त्याला तात्या म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. बाकी कोणाचं नाव इथे लिहिणार नाही. तात्याने पटका काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सायेब, आमचा देव चोरीला गेला."

देवाची चोरी म्हटलं की पोलिसाला पहिली धास्ती अफवेची. आमची गाडी पोचण्याआधी अफवा चार गावं फिरून आलेली असते. मी अंमलदाराला म्हटलं, "आधी वर्णन घ्या."

"देव कशाचा? पितळेचा की दगडाचा?"

"लोखंडाचा. गुडघ्याएवढा. अंगाला गोल गोल पाती हायती. पोटातनं नळी निघती."

अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "हात किती?"

"हात न्हाईत. किक हाय."

तर देव म्हणजे मोटारसायकलचं इंजिन होतं. तात्याच्या वडिलांनी मोडक्या गाडीतून ते काढून विहिरीवर बसवलं आणि कित्येक वर्षं त्यावर पाणी उपसलं. वडील गेले, वीज आली, इंजिन घरासमोरच्या ओट्यावर जाऊन बसलं. दसऱ्याला आपल्याकडे नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. ठाण्यात आम्ही रायफलींची करतो. तशी इंजिनाचीही व्हायची. एका वर्षी कोणीतरी हळदकुंकवाऐवजी शेंदूर फासला. शेंदूर लागलेल्या वस्तूला आपल्याकडे कोणी उलट प्रश्न विचारत नाही. मग कोणाची हरवलेली शेळी सापडली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, नारळ फुटू लागले, अमावस्येला गर्दी होऊ लागली आणि इंजिनाचा इंजिनबा झाला.

मी गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्याला गेलो. ओटा रिकामा होता. घंटा जागेवर, समई जागेवर, नारळही जागेवर. लोखंड नेऊन पितळ सोडणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली. ओटा स्वच्छ सारवून त्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. वस्तीवरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि तात्याची सून मिरच्या हलवत होती.  पोलिसाने दिसलेलं सगळं लगेच बोलून दाखवू नये, ते जरा मुरू द्यावं.

खबर आणली आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने. "साब, भवानी पेठमें एक आदमी मोटार बनारा. इंजन कू किक मारा तो लाल लाल पपड्या गिररे!"

भवानी पेठ शहर पोलिसांच्या हद्दीत. रीतसर कळवायला मी तिथल्या अधिकाऱ्याला फोन केला. त्याने विचारलं, "मुद्देमाल काय?" मी म्हटलं, "देव." "कशाचा?" "मोटारसायकलचा." त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाला, "पुन्हा सांगा."

छापा घातला तो एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडवर. आत एक जॉबर होता. जॉबर म्हणजे कारखान्यातले माग दुरुस्त करणारा. सोलापुरात हे सांगावं लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. शेडच्या मधोमध एक पिवळी, दोन माणसांची, बिनटपाची मोटार उभी होती. अशा गाडीचे सुटे भाग पेट्यांतून येतात आणि घरी जोडायचे असतात. इंजिन मात्र ज्याचं त्याने बघायचं. जॉबरने बघितलं होतं. गाडीच्या पाठीत इंजिनबा बसला होता, शेंदूर खरवडून लख्ख केलेला.

"हे कुठून आणलंस?"

"मंगळवेढ्याच्या भंगारवाल्याकडून घेतलो की साहेब, वजनावर. चोरीचं असेल तर भंगारात कशाला येतंय? पण पकडायचं तर पकडा, आधी हे चालू का होत नाही ते तरी सांगा!"

चौकशी मी करायची होती, पण पुढचा अर्धा तास तोच मला सांगत होता. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, गंजून आत चिकटला होता, तो डिझेल ओतून सोडवला. कार्बोरेटर उकळून साफ केला. प्लग नवा. ठिणगी पडते, पेट्रोल येतं, तरी किक मारली की उलटा दणका बसतो. पोटरीवरची पट्टी त्याने दाखवली. आमच्या एका तगड्या हवालदाराला खुमखुमी आली. त्याने किक मारली आणि तो मागच्या सुताच्या गाठोड्यांवर जाऊन बसला. पंचनाम्यात हे घेतलं नाही.

"एवढी घाई कशाची?" मी विचारलं.

जॉबरचा आवाज एकदम उतरला. "रविवारी पोरीचं लग्न आहे साहेब. ती एवढीशी होती तेव्हापासून सांगतो, तुझी वरात माझ्या हातच्या गाडीतून काढणार. सगळी पेठ हसते. व्याहीसुद्धा विचारले, ढकलायला किती माणसं पाठवू?"

मला वाईट वाटलं, पण कायदा कायदा असतो. इंजिन गाडीला पक्कं जोडलेलं, म्हणून अख्खी मोटार टेम्पोत घालून ठाण्यात आणली. मंगळवेढ्याच्या भंगारवाल्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, वस्तीवरच्या एका बाईनंच दिलं. उचलायला हातही लावला." मला मिरच्या आठवल्या. सुनेला विचारणं मात्र मी पुढे ढकललं. इंजिन तेच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं.

ओळख पटवायला तात्याला बोलावलं. तो सगळं घर घेऊन आला. पंच बसवले, जॉबरही होता. तात्या मोटारीभोवती फिरला आणि म्हणाला, "ह्यो न्हाय. आमचा देव लाल हाय."

नंबर कोणाला ठाऊक नाही, कागद नाहीत. मी विचारलं, "ओळखीची एखादी खूण?"

"खूण हाय की. आमच्या देवाच्या झाकणाच्या कडंला माझ्या बापानं छिन्नीचा घाव घातलाय. त्यातले भाग दुसऱ्याच गाडीचे हायती. ठिणगीची वेळ लावायची आतली गोल पट्टी त्या घावाला मिळवली, की इंजन बोलतंय. न्हायतर लाथ मारतंय."

जॉबर ताडकन उठला. "लाथ मारतंय? कुठं घाव? दाखवा की तात्या!"

तात्याने बोट ठेवलं. सगळं इंजिन चकाकत होतं, नेमका तेवढ्या जागी अंगठ्याएवढा शेंदूर शिल्लक होता.

"एवढाच का ठेवलास?" मी जॉबरला विचारलं.

तो ओशाळला. "देवाचं काहीतरी आहे असं वाटलं साहेब. बाकी खरवडलो. तेवढा टिळा ठेवलो. भीती वाटते की."

मी त्याला स्पष्ट शब्दांत समजावलं. खाली खूण निघाली तर इंजिन तात्याचं ठरेल. रविवारी तुझ्या गाडीत इंजिन नसेल, आणि चोरीचा माल घेतल्याचा ठपका येईल तो वेगळा. कोणताही वकील तुला गप्प बसायला सांगेल.

त्याने मोटारीकडे पाहिलं, मग त्या टिळ्याकडे. डोळे भरून आले होते. "तात्या, खूण निघाली तर हे चालू होईल? नक्की?"

"व्हय. बापानं लावलंय."

"मग खरवडा साहेब. एवढं केलो, आता आवाज न ऐकता कसं राहू?"

खरवडायचं कोणी, हा प्रश्न आला. हवालदार दोन पावलं मागे सरले. पंच आकाशाकडे बघू लागले. तात्याने हात जोडले. तेवढ्यात सून पुढे आली. "आणा हिकडं," म्हणत तिने जॉबरच्या हातातला पेचकस घेतला आणि एका दमात शेंदूर उडवला. खाली छिन्नीचा घाव होता, कालच घातल्यासारखा.

जॉबरने पट्टी सैल केली, घावाला मिळवली, स्क्रू आवळले आणि देवाचं नाव घेऊन किक मारली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि धडधडायला लागलं. ठाण्याच्या आवारातली कावळ्यांची पंगत उडाली. जॉबर नाचायचाच बाकी होता. तात्या मात्र मटकन खाली बसला. "आबा," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. विहिरीवर बाप असल्याचा तो आवाज होता. मला माझे वडील आठवले आणि मी टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

सासऱ्याची अवस्था पाहून सुनेने स्वतःच तोंड उघडलं. "मामा, कुनाला धरू नगा. मीच दिला भंगारात. देव कुनाला पावला मला ठाव न्हाय, पन दर आवसंला येणाऱ्या समद्यांना च्या मी पाजला. पंधरा दिस आधीपास्नं साखर-पत्तीची जमवाजमव चालायची माझी."

 तात्या चिडेल असं वाटून मी मध्ये सरकलो. तो उठून इंजिनाजवळ गेला. मग डोळे पुसून म्हणाला, "चूक माजी हाय. बोलत्या इंजनाला गप बसवलं आन् त्याच्याम्होरं नारळ फोडत बसलो." जॉबरकडे वळून त्याने विचारलं, "लगीन कवा म्हनलास?"

"रविवारी."

"मग घिऊन जा. पन लग्नानंतर झाकून ठिवायचं न्हाय. चालवायचं."

जॉबर त्याच्या पायांवर वाकला, तर तात्याने त्याला अर्ध्यातच धरलं. फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. तो वाचताना न्यायाधीश साहेबांनी फाईल तोंडासमोर जरा जास्तच वर धरली होती, पण इंजिन परत देण्याचा आदेश वेळेत मिळाला. ही गाडी परवान्याशिवाय रस्त्यावर आणलीस तर मीच जप्त करीन, असं मी जॉबरला बजावलं. त्यामुळे वरात निघाली ती मंगल कार्यालयाच्या फाटकापासून मांडवापर्यंत. व्याह्यांनी ढकलायला आणलेली माणसं बाजूला उभी राहिली आणि नवरी हसत हसत बापाच्या गाडीतून आत गेली. तात्या फेटा बांधून गाडीच्या मागे चालत होता, कान इंजिनाकडे लावून.

नोकरीत मी हजारो जबाब घेतले. माणूस दरडावल्यावर खरं बोलतो, असं आम्हाला वरिष्ठांनी शिकवलं होतं आणि मीही पुढच्यांना तेच शिकवत आलो होतो. त्या जॉबरला कोणी दरडावलं नव्हतं. उलट गप्प राहण्यात त्याचं सगळं हित आहे, हे मीच त्याला सांगितलं होतं. पण ज्या कामात त्याचा जीव अडकला होता, तिथे त्याला लबाडी जमली नाही. त्यानंतर चौकशीला बसलो की मी चोरीचा प्रश्न शेवटी ठेवू लागलो. आधी समोरच्याला विचारायचो, तुझ्या हाताला कोणतं काम येतं? त्यावर तो मनापासून बोलू लागला, की पुढचं बहुतेक खरं निघायचं.