पिशवीतली झावळी

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करायला आदल्या दिवशी आमच्या चर्चच्या अंगणात गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळतात. लोक त्या वर्षभर घरात क्रुसामागे खोचून ठेवतात. धूळ बसू नये म्हणून मी माझं पान प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं. आज फादरनी ते विस्तवावर टाकलं, तर पेटेचना. आत दमट राहून त्याला बुरशी धरली होती.

"वाऱ्यावर वाळू द्यायचं होतं, बाई," म्हणत फादरनी ते चिमट्यानं बाजूला काढलं.

लहानपणी मी तापातून वाचले, तेव्हापासून आई म्हणायची, "देवानं तुला त्याच्या कामासाठी निवडलंय. जप स्वतःला." मी जपत आले. कुणाच्या आजारपणात अडकले नाही, कुणाच्या भांडणात पडले नाही. देवाच्या त्या कामाचं बोलावणं आलं की लगेच निघता यावं, म्हणून मोकळी राहिले. आता पन्नाशी उलटली.

चुलीच्या धुरानं काळवंडलेली बाकीची पानं भपकन पेटली. उद्या त्यांची राख लोकांच्या कपाळावर असेल. माझं पान बाजूला नुसतं धुमसत होतं. डोळे चुरचुरत होते, तरी मला त्याच्यापासून हलवेना.