तारणातल्या कापसाचं पानी

सिंदीच्या बाजारात वायद्याचा धंदा माह्याइतका कोनाले समजत नाई, असं मी गावभर सांगत फिरो. माह्याइतका कमी कोनाले समजत नाई, हे मले सोडून साऱ्याइले मालूम होतं.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झालती. माघात पन्नास मन कापूस आजच्याच भावानं घीन, असं मी एका अडत्या शेठले बोललो. भाव चढला तं नफा माहा. पडला तं? पडन कायले, मी म्हनलं.

नुसत्या जबानीवर शेठचा भरोसा नव्हता. त्यानं तारण मांगलं. घरात बायकोचे आठ बोजे कापूस होता, तिच्या बापानं दिलेल्या तुकड्यातला, तिनंच येचलेला. त्याच्यावर तिले म्हैस घ्याची होती.

"न्या," थे म्हने, "पन जसेच्या तसे वापस आना."

तारणाची किंमत वजनावर. म्हून मी नाल्यावर गाडी थांबवली अन् बोजाइत पानी शिंपडलं. सारेच शिंपडत. बाकीचे चुळभर, मी बादलीभर. विकाच्या कापसाचं पानी सांजच्याले दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. तारणाचा कापूस आपल्याच नावावर पडून राह्यते, हे अक्कल काई मले आली नाई.

मंग भाव उतरू लागला. रोज मुंबईहून भावाची तार आली का मी शेठच्या पेढीवर हजर. वाचता येत नव्हतं, म्हून शेठचं तोंड वाचो. शेठ हासला का समजाचं, आपन अजून खाली गेलो.

एक दिवस शेठ म्हने, "तारण वाढव. दिवेलागणीपर्यंत नाई वाढवलं तं सौदा काटतो अन् तोट्यापायी बोजे विकतो."

"आठ बोजे हायेत ना, शेठजी!"

"आठाची किंमत चाराची. कापूस पिवळा पडला."

मी घरी येऊन बायकोले एवढंच सांगतलं, का शेठ किंमत कमी लावून राह्यला. थे पदर खोचून पेढीवर आली.

"शेठजी, माहा कापूस चांदीवानी होता. तुमी बदलला."

शेठनं आमाले पेढीमांगच्या गोदामात नेलं अन् मापाऱ्याले खूण केली. बुढ्या मापाऱ्यानं बोजात कोपरापर्यंत हात घातला अन् मूठ बाहेर काढली. काळी, गरम, सडक्या कडब्याच्या वासाची.

"तुमचं गोदाम गळते!"

शेठ म्हने, "बाई, पौषात कोठलं पानी?"

थे माह्याकडं वळली. "अवो, तुमी सांगा ना! घरून कोरडा निंगाला का नाई? बोला ना!"

लगनाच्या मांडवातई माही जबान कधी थांबली नव्हती. मी वर कौलाइकडं पाहू लागलो, गळते का म्हून.

तिनंई वर पाह्यलं. मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं. शिव्या देल्ल्या असत्या तं माह्यापाशी जवाब होता. तिनं बोजाच्या वरचा कोरडा मूठभर कापूस पदरात बांधला अन् चालली गेली.

शेठनं तठीच सौदा काटला. मले काईतरी बोलनं भाग होतं. मी म्हनलं, "शेठजी, म्हैस तं गेली, शेन तरी ठेवा आमच्यासाठी."

कोनी हासलं नाई. मापारी हात पुसत म्हने, "बंद कर आता तोंड. उघडाच्या टायमाले उघडलं नाई तुनं."