व्याहीबुवांचा स्टँडबाय

या जगात कुठलीही वस्तू एकटी असू नये असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. भिलाईच्या कारखान्यात, भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंप हाऊसमध्ये त्यांची उभी नोकरी गेली. तिथे एक पंप चालू असला की शेजारी दुसरा तयार ठेवलेला, तो स्टँडबाय. अधूनमधून चालू पंपाला विश्रांती द्यायची आणि स्टँडबायला कामाला लावायचं, याला म्हणायचं चेंज-ओव्हर. पाणी तुटलं तर भट्टीचं काय होईल, ही धास्ती बाकीचे लोक शिफ्ट संपली की गेटवरच सोडून येत. आमचे व्याहीबुवा ती सायकलच्या कॅरियरला बांधून क्वार्टरवर आणत.

त्यांच्या घरी टॉर्च दोन, छत्र्या दोन, चष्मे दोन, गजराची घड्याळं दोन. रविवारी सगळ्यांचा चेंज-ओव्हर. स्वतःचे चहाचे कपही दोन: एक वापरातला, दुसरा फळीवर उलटा घातलेला. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. विहीणबाई बिचाऱ्या वाटीत चहा घेत. माझ्या लेकीच्या लग्नात या गृहस्थांनी भटजीही दोन आणवले. ‘एकाचा गळा बसला तं?’ म्हणाले. पहिल्याचा गळा चांगला खणखणीत निघाला. दुसरा मांडवाच्या खांबाशी बसून त्याच्याकडे असा बघत होता, की मला वाटलं आता हाच त्याचा गळा दाबतो. शेवटी दोघांनी एकदमच मंगलाष्टकं म्हटली, तीही निरनिराळ्या चालींत. माझा नुसता तिळपापड झाला. पण मी पडलो मुलीचा बाप! व्याह्याला उलट बोलायचं नाही, हे आमच्या वऱ्हाडाकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

आता हृदयाचं सांगतो. कारखान्यात एकदा प्रथमोपचाराचा वर्ग झाला. भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र टांगलं होतं, अर्धं लाल, अर्धं निळं, मधे पडदा. शिकवणाऱ्याचं पुढचं एक अक्षर व्याहीबुवांनी ऐकलं असेल तर शपथ. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, ‘देवानं बी दोन पंप बसवले जी! लाल चालू, निळा स्टँडबाय.’ तेव्हापासून ते एक आठवडा डाव्या कुशीवर आणि एक आठवडा उजव्या कुशीवर झोपू लागले. हृदयाचा चेंज-ओव्हर! आम्ही पोट धरधरून हसलो, पण ते चूक आहे असं कुणी त्यांना सांगितलं नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं?

त्या वर्षी अधिक महिना आला. जावयाला अनारशांचं वाण द्यायचं म्हणून सगळ्यांना भिलाईजवळ बोरसीला आमच्या घरी जेवायला बोलावलं होतं. दुपारची पंगत बसली होती. अर्ध्या पुरणपोळीवर व्याहीबुवांचा हात थांबला. कपाळावर घाम फुटलेला, तळहाताने छाती चोळू लागले. ‘गॅस हाय,’ म्हणाले. पण चेहरा पार राखेसारखा झाला होता. ते शांतपणे उठले, हात धुतला आणि आतल्या खाटेवर जाऊन उजव्या कुशीवर पडले.

‘दवाखान्यात चला,’ मी म्हटलं.

‘कावून घाबरून राहिले? चालू पंप गरम झाला. मी चेंज-ओव्हर करून राहिलो. निळा पिकप घेईन आत्ता.’

आम्ही सगळे खाटेभोवती मख्खासारखे उभे. विहीणबाई म्हणाल्या, ‘त्यायचं ऐका जी, नाईतं चिडते.’ जावई बापापुढे कधी बोलला नव्हता, तो आजही बोलेना. माझे हात नुसते शिवशिवत होते. वाटत होतं, उचलावं आणि न्यावं. पण व्याह्याला खाटेवरून उचलायचं कसं? त्यांचा श्वास आता ऐकू येत होता. ओठ निळसर दिसायला लागले होते.

तेवढ्यात माझी लेक स्वयंपाकघरातून आली. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेली पोर, पण सासऱ्यासमोर तिने आजवर मान वर केली नव्हती. हाताला पुरण, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला.

‘बाबूजी, उठिए!’ ती ओरडली. घाबरली की तिला आधी हिंदीच सुचे. ‘स्टँडबाय नसते! दोन्ही पंप चालूच असतात!’

व्याहीबुवांनी डोळे उघडले.

‘उजवा रक्त फुप्फुसात पाठवते, तेच शुद्ध होऊन डाव्यात येते, आणि डावा ते साऱ्या अंगाला देते. एकाच लाईनवर हायत दोघं. एक थांबला की दुसराही थांबते, बाबूजी. कुशी बदलून काही नाही होत!’

मग व्याहीबुवांनी लहान मुलासारखं विचारलं, ‘मंग त्याचं शटडाऊन कवा घेते?’

‘कधीच नाही. जन्माच्या आधीपासून चालू. दोन ठोक्यांच्या मधे जेवढी उसंत मिळते, तेवढीच.’

ते उठून बसले. सुनेचा हात धरला. ‘चला,’ म्हणाले. शेजाऱ्याची जीप सुरू होईना. जावयाने आणि मी ढकलली. माझ्या धोतराचा सोगा चाकात जाता जाता वाचला. दवाखाना येईपर्यंत व्याहीबुवांनी सुनेचा पुरणाने माखलेला हात सोडला नाही. मी मागे बसून देवाला म्हणत होतो, हा माणूस वाचव, मी याचे चार भटजी सहन करीन.

वाचले बुवा! थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी जोडीतल्या वस्तू वाटून टाकल्या. एक छत्री तर मला दिली, ती गळते. कुशीबिशीचा नियम संपला. सकाळी मात्र एक नवीनच प्रकार सुरू झाला: व्याहीबुवा स्वतः चहा करायला लागले. मी थट्टा केली, तर म्हणाले, ‘दवाखान्यात पडल्या पडल्या मनात आलं जी. हिचं शटडाऊन आपण कधी घेतलंच नाई. थोडी उसंत तं द्यावी.’ फळीवरचा उलटा कप सुलटा झाला, आणि विहीणबाईंची वाटी सुटली.

पुढे बरीच वर्षं ते जगले. गेले तेव्हा झोपेतच गेले. तेरवीनंतर मी एका सकाळी विहीणबाईंना भेटायला गेलो. लेक-जावई कामावर गेले होते. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. चहाची वेळ टळून गेली होती, पण त्या उठल्या नाहीत. मला काय झालं कोण जाणे, मीच स्वयंपाकघरात शिरलो. फळीवर एक कप सुलटा होता. दुसरा, व्याहीबुवांचा, उलटा घातलेला. मी त्याच्याकडे हात नेला.

‘तो राहू द्या जी,’ विहीणबाई दारातून म्हणाल्या. ‘मले वाटीत द्या, तुमी कपात घ्या.’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘दोन्ही चालूच ठेवायचे.’

कप सुलटा केला, विसळला आणि दोन्ही भरले. चहा फार गोड झाला होता. विहीणबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, ‘त्यायचाबी असाच व्हायचा.’