उद्या एसटीत पोरींसोबत कोण बसणार?

कमलमावशी आज पहाटे गेली. मला रडू यायच्या आधी भीती वाटली.

मंचावर मी कुणाला घाबरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आज स्मशानभूमीत घाबरले.

आमच्या गावातली शाळा सातवीला संपते. पुढच्या शाळेला दुसरबीड गावी जावं लागतं, एसटीनं.
गेल्या वर्षी स्टॉपवर मोटरसायकलवाल्या पोरांनी मुलींना त्रास दिला.
तक्रार नाही, चौकशी नाही. मुलीच घरी बसवल्या.

मावशी दुसरबीडला भाजी विकायची. दारोदार जाऊन म्हणाली, "पोरी माह्यासंग धाडा. मी रोज जातोच."

बाप तयार झाले. शाळेच्या नाही, सरकारच्या नाही, मावशीच्या भरवशावर.
आमच्याकडे मुलीला परवानगी अशीच मिळते.

एकदा त्या मोटरसायकलवाल्यांतलाच एक पोरगा म्हणाला, "मावशे, पोरीले मी सोडून देऊ का गाडीवर?"
"दे ना बे. पह्यले तुही माय आण. ते बसन मधात."
त्यानंतर तो स्टॉपवर दिसला नाही.

आज चिता पेटल्यावर रुपालीचे वडील माझ्याजवळ आले. रुपाली दहावीला आहे.

"ताई, मावशी होती म्हणून धाडत होतो. आता नाही."
"दादा, दहावीचं वर्ष आहे."
"हाव. पण बीबी गावचे पाहुणे पाहून गेले तिले. मावशीनंच थांबवलं होतं मले."

हे मला माहीत नव्हतं. रुपाली पंधरा वर्षांची आहे.

मी कायदा सांगायला तोंड उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं ताईचं भाषण सुरू."
लोक हसले. स्मशानात.

मग मी एवढंच म्हणाले, "उद्या मी बसते पोरींसोबत."
"उद्या बसान. परवा?"
"परवाही."
"सभा सोडून रोज येसान?"
"येईन."

ते चितेकडे वळले.
"उद्याच्या दिवस धाडतो. मंग पाहू."

एका दिवसाचा होकार घेऊन घरी आले आहे. बाकीचे बाप त्यांच्याकडे बघून ठरवणार.

माझ्या सगळ्या सभा रद्द. आयोजकांनो, प्लीज फोन करू नका.

रात्रीतून त्यांचं मन फिरलं तर? पाहुण्यांचा फोन आला तर?
रुपाली स्टॉपवर दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव येणार नाही.

मावशी, तुला अखेरचा जयभीम.